पहिला ऑफ-रोड वीकेंड: रविवारचा ट्रॅक, मुक्कामी ट्रेल की आपलेच चार मित्र?

माझ्या भाच्यानं दसऱ्याला महिंद्राची थार घेतली. दिवाळीच्या फराळाला आला तेव्हा बॉनेटवरचा झेंडूचा हार वाळून गेला होता, पण काढलेला नव्हता. सीटवरचं प्लास्टिकही तसंच. चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "मावशी, ऑफ-रोड क्लबचा मेसेज आलाय. पुढच्या शनिवार-रविवारी गॅदरिंग आहे, दोन प्रकार ठेवलेत. शनिवारी निघून वैतरणेच्या बाजूला रानवाटांचा ट्रेल, रात्री मुक्काम, रविवारी दुपारी परत. नाहीतर नुसता रविवार, ट्रॅकवर. आणि आमच्या कॉलेजचे चौघं म्हणतायत, क्लबला पैसे कशाला मोजायचे, आपलं आपण जाऊ. तू काय म्हणशील?"

मी आधी विचारलं, "फोर बाय फोरच घेतलीस ना रे?"

त्याला राग आला. पण प्रश्न काही वावगा नव्हता. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि बाहेरून बघून ती पटकन ओळखू येत नाही. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असेल, त्यावर २एच, ४एच, एन, ४एल (मागची दोन चाकं, चारही चाकं, न्यूट्रल, आणि चारही चाकं सावकाश पण जास्त ताकदीनं, म्हणजे फोर लो) असं लिहिलेलं असेल, तर ती फोर बाय फोर. मागे एका गॅदरिंगला एक गृहस्थ भल्या पहाटे मुंबईहून निघून आले, ब्रीफिंगला सगळ्यांत पुढे उभे राहिले, आणि मार्शलनं (गाड्यांना वाट दाखवणारा क्लबचा माणूस) "सगळ्यांनी फोर लो टाका" म्हटल्यावर गाडीत दांडा शोधत बसले. दिवसभर त्यांनी आमचे फोटो काढले. फोटो छान आले, पण माणसाचा चेहरा बघवत नव्हता.

तर भाच्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दर दिवाळीनंतर कुणी ना कुणी विचारतंच. माझी पात्रता एवढीच की आधी नवऱ्याच्या जुन्या मारुती जिप्सीत डावीकडे बसून आणि २०२३ पासून माझ्या मारुती जिम्नीत उजवीकडे बसून मी नाशिकच्या चारी दिशांचा चिखल खाल्लेला आहे.

रविवारचा ट्रॅक

ट्रॅक म्हणजे कुणाची तरी खासगी पडीक जमीन, जेसीबी लावून मुद्दाम बिघडवलेली. एक उभा चढ, एक उतार, एका बाजूला कललेली वाट, आलटून पालटून डाव्या-उजव्या चाकाखाली येणारे खड्डे, दगडांचा एक पट्टा आणि टँकर ओतून केलेला चिखल. सकाळी सातला फाट्यावर जमायचं, मिसळ खायची (हे नाशिक आहे, मिसळीशिवाय कुठलीही मोहीम सुरू होत नाही), साडेआठला ब्रीफिंग, मग गाड्या एकेक करून आत.

नव्यांची तक्रार एकच असते: फार थांबावं लागतं. खरं आहे. वीस गाड्या असतील तर एका अडथळ्यावर तुमची पाळी यायला अर्धा तास जातो. दिवसभरात प्रत्यक्ष गाडी हाकायला तासाभराहून जास्त मिळत नाही. उन्हात उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या. ज्यांनी इन्स्टाग्रामवर बघून गाडी घेतली त्यांना हे शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं वाटतं: आपल्या मुलाचा नाच तीन मिनिटं आणि बाकीच्यांचे तीन तास.

पण खरं शिक्षण त्या उभं राहण्यातच होतं. आलटून पालटून असलेल्या खड्ड्यांचंच घ्या. गाडी मध्यावर आली की समोरचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत लटकतं. याला सगळे क्रॉस ॲक्सल म्हणतात. साधा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग, आपली ताकद जिकडे विरोध कमी तिकडे पाठवतो, म्हणजे नेमकी हवेतल्या चाकाकडे. ते भिरभिर फिरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म उभं राहतं. नवा माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो किंवा घाबरूनच पूर्ण दाबतो, आणि दोन्हीनं गाडी हलत नाही. जिम्नीत हवेतल्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो आणि ताकद दुसऱ्या चाकाला जाते. पण त्याला दोन सेकंद द्यावे लागतात. पाय स्थिर ठेवायचा, थोडाच दाबलेला. खालून कट्-कट्-कट् असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, काहीतरी तुटलं, आणि मी पाय काढला. मार्शल समोर उभा होता, हात वर करून ओरडला, "ताई, आवाज येऊ द्या! तीच काम करतेय!" पुन्हा पाय ठेवला, कट्-कट् झालं आणि गाडी एखाद्या म्हातारीनं गुडघ्यावर हात ठेवून उठावं तशी सावकाश वर आली.

हे मी त्या दिवशी तीनदा केलं. ट्रॅकची खरी किंमत या तीन वेळांची आहे. ट्रेलवर एक अडथळा एकदाच येतो. जमला तर जमला, नाहीतर बाकीचे ओढून काढतात आणि रांग पुढे सरकते. आपलं काय चुकलं ते बघायला परत मागे कुणी येत नाही.

चढावरचंही तसंच. अर्ध्या चढावर गाडी बंद पडणं ही प्रत्येकाच्या नशिबी असलेली गोष्ट आहे, ती ट्रॅकवर घडलेली बरी. ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स टाकायचा आणि आलो तसंच सरळ रेषेत मागे उतरायचं. उतरताना क्लचला पाय लावायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. चढावरच गाडी वळवून तोंड खाली करावं असा मोह होतो, आणि जे गाडीसकट लोळतात ते बहुतेक तिथेच लोळतात. हे वाचून कळतं, पण पाय वाचत नाही. पायाला ते दोन-चारदा करूनच कळतं.

ट्रॅकचा आणखी एक फायदा कुणी बोलून दाखवत नाही: दुपारी कंटाळा आला तर घरी जाता येतं. लहान मुलं असतील, सोबत आई-वडील हौसेनं आले असतील, तर ही मोठीच सोय आहे. गाडीचं काही मोडलं तरी सातपूर-अंबडचे गॅरेजवाले हाकेच्या अंतरावर.

मुक्कामी ट्रेल

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते, म्हणजे पक्षपात गृहीत धरूनच वाचा.

नाशिकसारखी ट्रेलची चैन फार कमी शहरांना आहे. पश्चिमेला त्र्यंबक, घोटी, इगतपुरी. तिथे धो धो पाऊस, लाल माती, भाताची खाचरं आणि मध्येच उघडा पडलेला काळा कातळ. पेठ-सुरगाण्याकडे गेलात तर डोंगर आणि ओढे. पूर्वेला सिन्नरपलीकडे कोरडं माळरान. निफाड-दिंडोरीची काळी माती वेगळीच: कोरडी असताना रस्ता, ओली झाली की डिंक. ती टायरच्या खाचांत अशी भरते की पंधरा फुटांत टायरचा गुळगुळीत भोपळा होतो. हे सगळं घरापासून दोन-अडीच तासांच्या आत. इंडियन नॅशनल रॅली चॅम्पियनशिपच्या गाड्या इथल्या मातीत धावल्या आहेत त्या उगाच नाही.

क्लबचा ट्रेल असा असतो: सगळ्यांत पुढे लीड गाडी, तिला वाट माहीत असते, म्हणजे आठ-पंधरा दिवस आधी रेकी, वाटेची पाहणी, झालेली असते. सगळ्यांत मागे स्वीप, तिच्यात अनुभवी माणूस आणि दोर, शॅकल (दोर अडकवायची जाड कडी), हायलिफ्ट जॅक (उंच उचलणारा जॅक), जमलंच तर विंच (गाडी ओढणारं यंत्र). मधल्या प्रत्येकानं आरशात मागची गाडी दिसते की नाही बघायचं. दिसली नाही तर थांबायचं. नियम एवढा साधा, पण तोच मोडल्यामुळे एकदा आमची रांग दोन तुकड्यांत तुटली आणि मागच्या सहा गाड्या एका वाडीच्या अंगणात जाऊन पोचल्या. तिथल्या आजींनी चहा केला. बारा जणांना पुरला कसा, ते त्यांनाच ठाऊक.

सात किलोमीटरला चार तास लागू शकतात. हे पहिल्यांदा ऐकलं की लोक हसतात. पण मध्ये एक ओढा आला की सगळे थांबतात, कुणीतरी पँट दुमडून काठी घेऊन आधी चालत पलीकडे जातं, तळ बघतं, मग गाड्या. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते आणि फोर्सची गुरखा ७०० मधून, असं कंपन्या सांगतात. तो आकडा गाडीचा असतो, ओढ्याचा नव्हे. पाण्याखाली एक दगड निघालेला असला की आकड्याचं काही राहत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ओढूनच काढायची. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि मग इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचं बिल ऐकून माणूसही वाकतो.

टायरमधली हवा कमी करणं हा ट्रेलचा पहिला संस्कार. डांबर संपलं की सगळे खाली उतरतात आणि वीस-पंचवीस व्हॉल्व एकदम सुसकारे टाकायला लागतात. तीस पीएसआयच्या आसपासची हवा अठरा-वीसवर आणायची. टायर जरा बसतो, जमिनीला जास्त चिकटतो, दगडावर आदळण्याऐवजी त्याला कवटाळतो. फक्त बाजूच्या भिंतीला जपायचं. इकडचा फुटलेला बेसॉल्ट सुरीसारखा असतो, आणि टायरची बाजू कापली गेली की पंक्चरवाला हात जोडतो. परत डांबरावर आल्यावर हवा भरायची, गाडी २एचमध्ये आणायची. थार, जिम्नी यांसारख्या गाड्या कोरड्या डांबरावर ४एचमध्ये पळवल्या तर पुढची-मागची चाकं वळणावर एकमेकांशी भांडतात आणि ते भांडण ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, अंगावर येतं.

रात्रीचं काय सांगू. नोव्हेंबरात वैतरणेच्या बाजूला हुडहुडी भरते. पिठलं-भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा वाफाळता भात, शेकोटी. कुणाचा लॉकर (डावं-उजवं चाक एकत्रच फिरायला लावणारं कुलूप) कसा तुटला, कोण कुणाला कुठे सोडून गेला, कुठल्या गावात लोक चिडलेत म्हणून यंदा तिकडे जायचं नाही, ही सगळी खरी माहिती या शेकोटीभोवती मिळते. ट्रॅकवर ती मिळत नाही, कारण तिथे सगळे आपापल्या पाळीच्या चिंतेत असतात.

आणि आता दुसरी बाजू. मोबाइलला रेंज नसते. गाडी मोडली तर मोडली. मेकॅनिक येत नाही, आपणच जायचं. बायकांसाठी शौचालयाची सोय काय, हे मी तरी दर वेळी आधी विचारते. "होईल ना काहीतरी" हे उत्तर आलं तर त्या क्लबच्या मुक्कामाला जात नाही. तंबूवाल्या जागेवर मुक्काम असेल तर प्रश्न नसतो, उघड्या माळावर असेल तर असतो. नव्या गाडीला ओरखडे येणारच. करवंदीच्या जाळीतून गेलेल्या गाडीचा रंग पुन्हा पहिल्यासारखा कधीच होत नाही. भाच्याच्या सीटवरच्या प्लास्टिककडे बघून मला ट्रेलचा निर्णय तिथेच झाल्यासारखा वाटला होता.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जमीन कुणाची. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात जे "कुणाचंच नाही" असं दिसतं ते एकतर शेतकऱ्याचं असतं, नाहीतर वनखात्याचं. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, मग तुमच्या गाडीवर कुठल्याही क्लबचं स्टिकर असो. अंजनेरीच्या पठारावर तर चाक घालायचं नावही काढू नका. तिथे कंदीलपुष्पाची एक जात पावसाळ्यात फुलते, जिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. आणि भाताच्या खाचराचा बांध म्हणजे मातीचा ढिगारा नव्हे. एका जुलैत आमच्यातल्या एकानं वाट चुकवून बांधावरून गाडी घातली. बांध फुटला, खाचरातलं पाणी खालच्या खाचरात, आवणी नुकतीच झालेली. शेतकरीदादा ओरडले नाहीत. नुसते खाली बसून हातानं माती लावायला लागले. आम्ही आठजणांनी दुपारभर त्यांच्याबरोबर बांध घातला, नुकसानीचे पैसे दिले, तरी त्यानंतर त्या बाजूला तोंड दाखवायला जीव होत नाही. नवा माणूस ट्रेलवर नको असं मी म्हणते ते गाडीपेक्षा यासाठी. जिथे चुकलं तर आपलंच बंपर जाईल, तिथे आधी चुका.

आपलेच चार मित्र

हा पर्याय सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत मोकळा आणि हसायला सगळ्यांत बरा. कुणी "मॅडम, हेल्मेट कुठाय" विचारत नाही, मनात येईल तिथे वळता येतं. म्हणूनच मी तो तिसऱ्या क्रमांकावर टाकते, आणि तेही आमच्याच घरातल्या अनुभवावरून.

मार्चचा महिना होता. नवरा, त्याचे दोन मित्र, जिप्सी आणि एक मोठी फोर बाय फोर. धरणाचं पाणी मागे सरकलं होतं, आणि पाणी सरकलं की काठाला भेगा पडलेली छान सपाट जमीन दिसते. वरून खणखणीत कोरडी. तिच्याखाली वर्षानुवर्षांचा गाळ असतो आणि तो कोरडा नसतो. जिप्सी हलकी, ती तरली. मागून मोठी गाडी आली आणि पापड मोडावा तशी वरची साय मोडली. ॲक्सलपर्यंत आत. जितकी चाकं फिरवली तितकी खाली. दोर होता तो बांधकामावरचा नायलॉनचा. तो बांधला बंपरला, कारण गाडी ओढायचा टो-हुक कुठे असतो हे कुणीच कधी पाहिलं नव्हतं. जिप्सीनं झटका दिला. गाडी आत राहिली, बंपर बाहेर आलं.

शेवटी गावातला ट्रॅक्टर आला, रात्री नऊला. मी घरी चार वेळा जेवण गरम केलं होतं.

हसण्यावारी नेलं, पण त्या दोराचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो. ताणलेला दोर तुटला किंवा हुक निसटला तर तो लोखंड घेऊन उडतो, काच फोडून आत येतो. क्लबमध्ये रिकव्हरी सुरू झाली की मार्शल आधी माणसं लांब हाकलतो, दोराच्या दीडपट अंतरावर, दोरावर ओलं गोणपाट किंवा जाड ब्लँकेट टाकतो, आणि मगच इंजिन चालू. कायनेटिक दोर रबरासारखा ताणतो आणि ती ताकद परत देतो, म्हणून गाडी झटक्याविना निघते. साधा दोर ताणत नाही, तो सगळा झटका गाडीच्या हाडांना देतो. क्लबची फी भरता ती मिसळीची नसते. ती त्या दोराची, आणि तो कुठे बांधायचा हे माहीत असलेल्या माणसाची.

मित्रांबरोबर जायचंच असेल तर मी अडवणार नाही. दोन गाड्या हव्यात, त्यातला एक चालवणारा तरी चार-पाच गॅदरिंग केलेला हवा, घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगितलेली हवी. आणि धरणकाठच्या सपाट जमिनीवर भरवसा ठेवायचा नाही.

गाडीनं काय फरक पडतो?

लोकांना वाटतं तेवढा नाही. पण थोडा पडतो, तर सांगते.

थार आपल्याच नाशिकच्या कारखान्यात बनते, त्यामुळे इथे तिच्याबद्दल बोलताना लोक घरच्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलतात. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, डिझेलला ३०० न्यूटनमीटर ताकद, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,४५० मिलिमीटर. चिखलात आणि चढावर ती आपल्या चुका पोटात घालते. वजन जास्त, म्हणून रुतली की मन लावून रुतते. पाच दरवाजांची रॉक्स हायवेला आणि कुटुंबाला बरी, पण तिचा व्हीलबेस २,८५० आहे. उंचवट्यावर चढून पलीकडे उतरताना मधलं पोट टेकतं. ट्रॅकवर तो खर्र असा आवाज सगळ्यांना ऐकू जातो.

जिम्नी हलकी, पेट्रोल, १३४ न्यूटनमीटर. आकडे बघून थारवाले हसतात. मग चिखलाच्या खड्ड्यात ती वरूनच तरंगत जाते आणि थार मागून दोर मागते. टाकी मात्र ४० लिटरची. फोर लोमध्ये दिवसभर रांगल्यावर काटा बघून छातीत धडधडतं, म्हणून त्र्यंबक किंवा घोटी सोडण्यापूर्वी टाकी भरायचीच. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हातानं लावायचे लॉकर येतात, इंजिनाला वरून हवा देणारा स्नॉर्कल कंपनीचाच. बेचकीत अडकायचं असेल तर तीच हवी. शहरात पार्किंगला मात्र तिची आठवण काढू नये.

तुमच्या पहिल्या वीकेंडला यातलं काहीही चालतं. टायरही कंपनीचेच असू द्या. नव्यांना आधी लायटी, मोठे टायर आणि पुढचे लोखंडी बार घ्यायची घाई होते. बुलबारवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली आहे, तरी दुकानदार हसत हसत विकतात. पहिले चार पैसे चांगला कायनेटिक दोर, दोन शॅकल आणि बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप यावर घाला. उरले तर मिसळ.

एक रूक्ष गोष्ट, पण सांगायलाच हवी: विमा. संघटित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसानही साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. गॅदरिंगमध्ये घड्याळ लावून स्पर्धा ठेवली असेल तर आपली पॉलिसी आधी वाचा. क्लब फॉर्मवर सही घेतो त्यात बहुधा लिहिलेलंच असतं की गाडीची जबाबदारी मालकाची.

क्लबला काय विचारायचं

फोन करा आणि विचारा की एका मार्शलमागे नवे किती. पाच-सहाच्या पुढे आकडा गेला तर पुढचा महिना बघा. जमीन कुणाची आणि परवानगी कुणी काढली, हेही विचारा. नीट क्लब नाव-गाव सांगतो, बाकीचे "सेटिंग आहे" म्हणतात. ट्रेल कंपनीच्या टायरवरच्या गाडीला झेपणारा आहे का, ते विचारा. आणि दारू. रात्री शेकोटीला कोण काय पितं यात मला पडायचं नाही, पण सकाळी सात वाजता माझ्या मागे उताराला येणाऱ्या माणसाच्या नजरेस मला पडायचंच आहे. एका क्लबात हा प्रश्न विचारल्यावर पलीकडचा माणूस मोठ्यानं हसला. मी नाव काढून घेतलं. पैसे परत मिळाले नाहीत, त्याचं वाईट वाटलं नाही.

ऋतूचंही थोडं. पहिली वेळ असेल तर दिवाळी ते संक्रांत. मुरूम बसलेला असतो, ओढ्यांना थोडं पाणी असतं, कातळ कोरडा. जुलैचे फोटो भुरळ घालतात, पण शेवाळलेल्या कातळावर कुठल्याही टायरची हुशारी चालत नाही, आणि खाचरं भरलेली असतात. पावसाळा दुसऱ्या वर्षी करा. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं त्र्यंबक रस्त्यावर चालू आहेत, पावसात तिकडून यायला-जायला नेहमीपेक्षा बराच वेळ धरा.

तर भाच्याला मी सांगितलं: रविवारी ट्रॅक कर, स्वतःच्या गाडीनं. आई-बाबांनाही घेऊन ये, त्यांना मिसळ आवडेल. पुढच्या महिन्यात मुक्कामी ट्रेल आहे, त्याला थार घरी ठेव आणि माझ्या जिम्नीत डावीकडे बस. गाडी कशी चालवायची ते उजवीकडच्या माणसाला कळतं, वाट कशी वाचायची ते डावीकडून दिसतं. लीडची चाकं कुठे गेली, मी कुठे घातली, का घातली, सगळं बघ, रस्ता सांग, ओढा आला तर काठी घेऊन तूच उतर. त्यानंतर थार आण. कॉलेजच्या चौघांना म्हणावं, यायचं तर फी भरा.

त्याचं तोंड थोडं उतरलं. डावीकडे बसायचं म्हणजे काय, असं त्याच्या मनात होतं, ते दिसत होतं. पण तो चकलीचा डबा ठेवून उठला आणि म्हणाला, "मग रविवारच्या आधी काय तयारी करू?"

मी त्याला खाली पार्किंगमध्ये नेलं. वाळलेला हार काढला, प्लास्टिक फाडलं (याला त्यानं बराच विरोध केला). पुढचे-मागचे टो-हुक बोटानं दाखवायला लावले. मग गेज हातात दिला आणि म्हटलं, चारही चाकांची हवा अठरावर आण आणि माझ्या पंपानं परत भर. उन्हात, चाळीस लोकांसमोर पहिल्यांदा करण्यापेक्षा इथे कर. तो गुडघ्यावर बसला. पहिल्या चाकाला पंधरावर गेला, दुसऱ्याला बावीसवर थांबला, तिसरं जमलं. पंप गुरगुरत होता, भाच्याचा नवा सदरा काळा झाला होता, तेवढ्यात सोसायटीचे वॉचमनकाका काठी टेकत आले, चारही बसलेल्या टायरांकडे आणि गंधाच्या बोटांच्या ताज्या खुणा असलेल्या बॉनेटकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "नवीनच गाडी ना? चारही एकदम?"